बटण निखळलं, म्हणून खुर्ची काढायची?

घरातली डागडुजी

गेल्या दिवाळीत माझी नणंद नागपूरहून आमच्याकडे जबलपूरला आली होती. सोबत तिची दहा महिन्यांची नात. रांगायला नुकतीच लागलेली, त्यामुळे घरात सगळ्यांची नजर जमिनीवर. मी फराळाची ताटं भरत होते. तेवढ्यात आमच्या सासूबाई एकदम उठल्या आणि त्यांनी बाळाच्या तोंडात बोट घातलं. बाहेर काय आलं, तर एक तपकिरी, गोल, झिजलेलं बटण. बैठकीतल्या जुन्या चामड्याच्या खुर्चीचं.

बाळ थोडं रडलं आणि विसरलं. आम्ही मात्र विसरलो नाही. संध्याकाळी नवरा म्हणाला, "आता ही खुर्ची काढूया. बाबा गेले, आता तिच्यात कुणी बसतही नाही. उगाच जागा अडवते."

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते बटण धुतलं, पुसलं आणि शिवणाच्या डब्यात ठेवून दिलं.

या वेळचा विषय तिथून सुचला. सोफ्याचं किंवा खुर्चीचं कापड मढवलेलं, चामडं मढवलेलं बटण निघालं तर करायचं काय? अनेक घरांत त्याचं उत्तर फेविक्विक असतं, किंवा मग थेट नवा सोफा. या दोन्हींच्या मधलाही एक मार्ग आहे आणि तो फारसा अवघड नाही.

खुर्ची आली कुठून?

आमच्या खुर्चीची गोष्ट जबलपूरमधल्या बऱ्याच मराठी घरांच्या गोष्टीसारखीच आहे. १९५६ सालच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. नवं मध्य प्रदेश झालं, भोपाळ राजधानी झाली आणि उच्च न्यायालय जबलपूरला आलं. त्याआधी जुन्या मध्य प्रांताचं न्यायालय नागपूरला होतं. तिथले मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला जबलपूरला पहिले मुख्य न्यायाधीश म्हणून आले. त्यांच्यामागून वकील, कारकून, टंकलेखक अशी कितीतरी माणसं बिऱ्हाडं घेऊन आली. माझे आजेसासरे त्यांतलेच एक. वकील.

ही खुर्ची त्यांनी नागपूरला एका लिलावात घेतली होती. परत निघालेल्या कुणा इंग्रज साहेबाची होती म्हणे. नागपूरहून गोंदियापर्यंत मोठ्या गाडीने आणि गोंदियाला उतरवून छोट्या लाइनच्या गाडीत चढवून ती बालाघाट, नैनपूरमार्गे इकडे आली. अडीच फुटी रुळांच्या त्या गाडीचं जबलपूरमधलं स्टेशन हाऊबाग. तिथून टांग्यात ठेवून खुर्ची घरी आली आणि टांग्यात आजेसासऱ्यांना बसायला जागा उरली नाही, म्हणून ते मागून चालत आले. ही गोष्ट सासरे दर वेळी तितक्याच आनंदाने सांगायचे.

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंप झाला, तेव्हा छताच्या गिलाव्याचा एक तुकडा तिच्या पाठीवर पडला. तो ओरखडा अजून आहे. बाकी खुर्ची धडधाकट. शिसवी पाय, पितळी खिळ्यांची रांग, पाठीला आणि दोन्ही हातांना शंकरपाळ्यासारख्या चौकटी पाडलेलं चामडं आणि प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यावर एक बटण. एकूण ३८ बटणं. आता ३७.

बटण शोभेचं नसतं

सोफेवाल्यांना बोलावलं. त्यांनी खुर्चीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "भाभीजी, बटन का क्या है, पूरा चमड़ा उतार के नया रेक्सीन डाल देता हूँ. एकदम नया हो जाएगा." रक्कम ऐकून नवरा माझ्याकडे बघायला लागला.

मी विचारलं, नुसतं एक बटण नाही का बसणार? ते म्हणाले, "चिपका दूँ?"

इथेच बहुतेकांची चूक होते. आपल्याला वाटतं, बटण म्हणजे वरून लावलेली टिकली. तसं नसतं. खुर्चीच्या आत काथ्या, कापूस, घोड्याचे केस किंवा हल्लीच्या सोफ्यात फोम भरलेला असतो. माणूस रोज बसतो, टेकतो, तेव्हा हे भरण हळूहळू खाली घसरतं. ते जागच्या जागी धरून ठेवायचं काम बटणं करतात. प्रत्येक बटणाच्या पाठीला तारेची एक कडी असते. कडीतून दोरा जातो, तो सगळं भरण पार करून मागे निघतो आणि तिथे घट्ट बांधला जातो. म्हणजे बटण आणि मागची गाठ यांच्यामध्ये भरण दाबून धरलेलं असतं. गादीवाले गादीला टाके घालतात, त्याच कामाचा हा थाटाचा प्रकार.

म्हणूनच वरून गोंद लावून बटण टिकत नाही. ताण दोऱ्यावर असतो, तो गोंद कसा पेलणार? शिवाय फेविक्विकसारखा झटपट गोंद वाळल्यावर काचेसारखा कडक होतो. त्याखालचं चामडंही कडक होतं आणि काही महिन्यांत तिथेच तडकतं. मग बटणाची डागडुजी सोपी होती असं म्हणायची वेळ येते.

एक बटण निघालं की आणखी एक गोष्ट होते. त्याच्या वाट्याचा ताण शेजारच्या बटणांवर जातो. त्यांचेही दोरे तितकेच जुने असतात. त्यामुळे पहिलं बटण निघाल्यावर वर्षभरात दुसरं, तिसरं निघायला लागतं.

आधी तपासणी

बटण निघाल्यावर पहिल्यांदा ते शोधून उचलून ठेवा. घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर हे काम तेव्हाच्या तेव्हा करा. एवढ्या आकाराची वस्तू लहान मुलाच्या घशात अडकू शकते.

मग बाकीची बटणं एकेक करून चिमटीत धरा आणि अगदी हलकेच फिरवून पाहा. जे बटण सैलसर फिरतं, पुढे येतं, त्याच्या बाजूला खडूची बारीक खूण करा. आमच्या खुर्चीची ३७ बटणं अशी पाहिली, तेव्हा ५ सैल निघाली.

त्यानंतर निघालेलं बटण उलटं करून पाहा. तीन शक्यता असतात.

कडी शाबूत आहे, दोरा तुटला आहे. सगळ्यांत सोपी गोष्ट. तेच बटण पुन्हा बसवता येतं.

कडी तुटली आहे किंवा आतला पत्रा गंजला आहे. मग नवं बटण मढवावं लागतं.

बटणाभोवतालचं चामडं फाटलं आहे आणि बटण भोकातून बाहेर आलं आहे. मग आधी आतून ठिगळ लावायचं आणि नंतर बटण.

खुर्ची खऱ्या चामड्याची आहे की रेक्झिनची, हेही बघून घ्या. रेक्झिन हे मुळात इंग्लंडमधल्या एका कंपनीच्या नकली चामड्याचं नाव, पण आपल्याकडे ते सगळ्याच नकली चामड्याला चिकटलं. ओळखायचं कसं? खालच्या बाजूला, जिथे कड दुमडून ठोकलेली असते, तिथे उलटी बाजू बघा. खऱ्या चामड्याची उलटी बाजू मखमलीसारखी, तंतूंची दिसते. नकली चामड्याच्या मागे विणलेलं कापड दिसतं. जाळून बघायचा उद्योग करू नका.

नकली चामड्याचे पापुद्रे निघायला लागले असतील तर मात्र बटणावर खर्च करू नका. वरचा थर सुटायला लागला की तो परत चिकटत नाही. तिथे सोफेवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे.

चामडं आणायचं कुठून?

नवं बटण मढवायचं तर तसलंच चामडं हवं. इथे मी पहिली चूक केली. सदर बाजारातून जवळजवळ त्याच रंगाचा तुकडा आणला. दुकानात रंग जुळला, घरी खुर्चीजवळ धरला तर उठून दिसायला लागला. सत्तरेक वर्षं उन्हात, हातांखाली, दिव्याखाली राहिलेल्या चामड्याचा रंग नव्या तुकड्यात कुठून येणार?

उपाय खुर्चीतच असतो. तळाकडे आत दुमडलेली पट्टी, उशीखाली झाकलेली बैठकीची कड, मागच्या बाजूची भिंतीकडची कड, अशा ठिकाणी पुरेसं चामडं असतं. एका बटणाला सुमारे दीड-पावणेदोन इंच व्यासाची चकती पुरते. दुमडलेल्या पट्टीतून एवढं चामडं कापलं तर कुणाला कळत नाही. फक्त खिळ्यांच्या रेषेच्या पलीकडचंच कापा, अलीकडचं नाही.

दुसरी युक्ती मला मोचीकाकांनी सांगितली. झाकलेल्या जागेवरचं चामडं कमी उजाडलेलं असतं, त्यामुळे तेही थोडं गडद दिसतं. म्हणून मढवलेलं नवं बटण समोर लावायचंच नाही. अगदी खालच्या रांगेतलं, बैठकीच्या उशीआड जाणारं जुनं बटण काढायचं आणि ते समोर लावायचं. नवं बटण खाली, उशीआड. समोरून बघणाऱ्याला सगळी बटणं एका वयाची दिसतात.

बटण मढवायचं कसं?

मढवलेलं बटण दोन भागांचं असतं. वरची पत्र्याची टोपी आणि खालची कडी असलेली चकती. चामड्याचा गोल तुकडा टोपीवर ताणून कडा आत दुमडायच्या आणि चकती दाबून बसवायची. हे काम हातदाबाच्या छोट्या यंत्रावर होतं. ब्लाउज, शेरवानीची कापडी बटणं करून देणाऱ्या मॅचिंगच्या दुकानांत ते यंत्र असतं. जबलपूरमध्ये बडा फुहारा, गंजीपुरा भागात साड्या, अस्तर, बांगड्यांच्या खरेदीला गेलं की अशी दुकानं दिसतातच. तुमच्या गावातही असतील.

तिथे जाताना तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, माप. बटणाचं माप लाइनमध्ये सांगतात. ४० लाइन म्हणजे १ इंच. ३० लाइनचं बटण साधारण १९ मिलिमीटर, ३६ लाइनचं साधारण २२-२३ मिलिमीटर. जुनं बटण सोबत न्या म्हणजे बोलावं लागत नाही. चामड्याची चकती बटणाच्या व्यासाच्या पावणेदोन ते दोनपट कापायची.

दुसरी, कडी. कपड्यांच्या बटणांच्या मागे बऱ्याचदा कापडाची किंवा प्लॅस्टिकची कडी असते. ब्लाउजला ती चालते, सोफ्याला नाही. तारेची पक्की कडी असलेलंच बटण मागा.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची, जाडी. सोफ्याचं चामडं साधारण १ मिलिमीटर जाड असतं. ते तसंच साच्यात घातलं तर कडा दुमडत नाहीत, चकती बसत नाही. माझं पहिलं बटण तिथेच उडालं आणि काउंटरखाली गेलं. दुकानातली मुलगी हसून म्हणाली, "आंटी, पहले मोची से छिलवा के लाइए."

म्हणून मोचीकाका. ते रस्त्याच्या कडेला झाडाखाली बसतात आणि चपला, बॅगा शिवतात. त्यांनी तुकडा फरशीच्या तुकड्यावर उलटा ठेवला आणि रापीने मागची बाजू खरवडायला सुरुवात केली. कडेला जास्त, मध्ये कमी. दहा मिनिटांत चामडं अर्ध्यावर आलं, बोटाला गुंडाळलं तर जाड कापडासारखं वळायला लागलं. हे काम घरी ब्लेडने करू नका. चामडं फाटतं, बोटही कापतं. ज्यांच्या हातात ते काम आहे, त्यांनाच द्या आणि त्यांनी मागितलेले पैसे घासाघीस न करता द्या.

आता बसवायचं

लागणारं सामान थोडंच आहे. गादीवाले वापरतात तसं लांब दाभण, निदान ८ ते १० इंचाचं. मेण लावलेला जाड नायलॉनचा दोरा. एक चपटा स्क्रूड्रायव्हर. चामड्याचे किंवा जाड कापडाचे दोन-तीन छोटे तुकडे. शिवणाचा साधा दोरा घेऊ नका, तो कडीवर घासून तुटतो. मासे पकडायची नायलॉनची तारही नको, तिची गाठ निसटते. सुतळीही नको, ती कुजते. आमच्या खुर्चीतला मूळ दोरा ओढला तर बोटांत त्याचा भुगा झाला.

मागची बाजू उघडा. सोफ्याच्या तळाला किंवा मागे बहुधा काळं कापड स्टेपलने लावलेलं असतं. स्क्रूड्रायव्हरने एका बाजूचे स्टेपल काढा. जुन्या खुर्चीला पितळी खिळे असतील तर स्क्रूड्रायव्हरखाली पुठ्ठा ठेवून हलक्या हाताने उचला, म्हणजे चामड्यावर वळ उठत नाही. काढलेले खिळे एका वाटीत ठेवा.

दोरा घाला. आरपार जाडीच्या तिप्पट लांबीचा दुहेरी दोरा घ्या. तो बटणाच्या कडीतून ओवून दोन्ही टोकं दाभणात घाला. समोरून, जुन्याच भोकातून, दाभण सरळ मागे काढा. नवीन भोक पाडू नका. चामड्यातलं भोक कापडासारखं बुजत नाही.

सरकगाठ मारा. मागे आल्यावर दोन्ही टोकांची सरकगाठ मारा आणि गाठ आवळण्याआधी तिच्यात चामड्याचा छोटा तुकडा गुंडाळून अडकवा. नाहीतर गाठ भरणात ओढली जाते.

खोली जुळवा. इथे घाई करू नका. शेजारचं बटण किती आत आहे, ते विणायच्या सुईने मोजून घ्या. सरकगाठ हळूहळू ओढत नवं बटण तेवढंच आत घ्या. समोर येऊन बघा, परत मागे जाऊन ओढा. दोन माणसं असली तर बरं पडतं. आमच्याकडे समोर मुलगी होती, मागे मी. ती "अजून, अजून, बास" म्हणायची. खोली जुळली की वर दोन पक्क्या गाठी.

एका वेळी एकच. सैल बटणं पाच असली तरी पाचही एकदम काढू नका. चामड्याच्या घड्या सुटतात आणि परत त्याच रेषेत बसवणं कठीण जातं. एक काढा, एक लावा. मधल्या रांगेपासून सुरू करून कडेकडे जा.

मागची बाजू उघडतच नसेल तर? काही सोफ्यांच्या पाठी चहूबाजूंनी बंद असतात. त्यांच्यासाठी आडव्या काडीची बटणं मिळतात. काडी उभी करून भोकातून आत ढकलायची, आत गेली की ती आडवी होते आणि अडकते. पूर्वीच्या बांधणीइतकी ती पक्की नसते, पण रोजच्या वापराला चालते.

भोक फाटलं असेल तर बटणापेक्षा थोडा मोठा पातळ चामड्याचा तुकडा फाटलेल्या जागेखाली सरकवा आणि लवचीक राहणाऱ्या चामड्याच्या गोंदाने चिकटवा. रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या दिवशी त्या तुकड्यातून दोरा काढा.

मूळ बटणाचं काय केलं?

एका रविवारी सकाळी बसलो आणि जेवणाच्या वेळेपर्यंत पाच सैल बटणं बसवली. उरलं ते दिवाळीत बाळाच्या तोंडातून काढलेलं बटण. ते उजव्या हाताच्या आतल्या बाजूचं, सगळ्यांत पुढचं.

माझी योजना ठरलेली होती. उशीआडचं जुनं बटण तिथे आणायचं, नवं उशीआड लावायचं. मी सासूबाईंना तसं सांगितलं.

त्या डबा घेऊन आल्या. "हेच लाव," म्हणाल्या.

मी ते उलटं करून दाखवलं. "आई, कडी गंजलीय. आणि चामडं बघा, वरून किती पातळ झालंय. इतरांपेक्षा हेच जास्त कसं झिजलं?"

"त्यांच्या अंगठ्याने," त्या म्हणाल्या.

मग मला आठवलं. शेवटची दोन-तीन वर्षं सासरे फारसं बोलत नसत. पेपर हातात असायचा, पण पान उलटत नसे. उजव्या हाताचा अंगठा मात्र सतत त्या बटणावर फिरत असायचा. मी रोज समोरून चहा ठेवायचे, पण नीट कधी पाहिलं नव्हतं. सासूबाई शेजारच्या पलंगावर बसून बघत असायच्या.

ते बटण घेऊन मी परत मोचीकाकांकडे गेले. त्यांनी टोपीवरचं चामडं पाण्याच्या बोटाने ओलसर करून अलगद सोडवलं. अर्धा तास लागला. मागून पातळ अस्तर चिकटवलं. मॅचिंगच्या दुकानातल्या मुलीने नव्या टोपीवर ते साच्यात न घालता हाताने बसवून दिलं, कारण साच्याचा दाब त्या चामड्याने सोसला नसता. कडेला एक चीर गेली ती गेलीच.

मोचीकाकांनी बजावलं, "इसको ज़ोर से मत खींचना. ये अब दिखाने का है, काम का नहीं."

घरी येऊन मी सासूबाईंना तेच सांगितलं. हे बटण ताण घेणार नाही, रोज हात लागला तर पुन्हा सुटेल. त्यापेक्षा मागे, वापर नसलेल्या जागी लावूया का?

त्या म्हणाल्या, "जागेवरच लाव. आता तिथे कोण ओढणार आहे?"

मी जागेवर लावलं. दोरा थोडा ढिला ठेवला आणि ताण दोन्ही बाजूंच्या बटणांवर घेतला. जवळून बघितलं तर ते बाकीच्यांइतकं आत गेलेलं नाही, हे कळतं. बाळ येणार असेल त्या दिवशी खुर्चीच्या त्या हातावर आम्ही जाड चादर गुंडाळून टाचून ठेवतो.

नवऱ्याने खुर्ची काढायचा विषय परत काढला नाही. खर्च झाला तो सोफेवाल्यांनी सांगितलेल्या रकमेच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी.

पुढे जपायचं कसं?

जबलपुरात उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि लू वाहते. विदर्भातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. त्या कोरड्या हवेत चामड्यातला ओलावा आणि तेल कमी होतं, ते ताठ होतं आणि बटणाभोवती तडकतं. म्हणून खुर्ची खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नका. कूलरचा झोतही थेट तिच्यावर नको.

पावसाळ्यात उलटा त्रास. भिंतीला चिकटवून ठेवलेल्या चामड्याला मागून बुरशी येते. भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवा. बुरशी दिसलीच तर खुर्ची गच्चीत किंवा ओसरीत, सावलीत नेऊन कोरड्या फडक्याने पुसा आणि वारं लागू द्या.

धूळ बटणांच्या खड्ड्यांत साठते आणि दोऱ्याला घासते. आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने ती काढा. रंगकामाचा स्वच्छ, कोरा ब्रश चांगला चालतो. पुसायला ओलसर, घट्ट पिळलेलं फडकं पुरे.

खोबरेल किंवा मोहरीचं तेल लावायची पद्धत अनेक घरांत आहे. चामडं दोन दिवस चमकतं, नंतर काळं पडतं, धूळ धरतं आणि तेलाला खवट वास येतो. त्याऐवजी चामड्यासाठी मिळणारं क्रीम वर्षातून दोनदा, उन्हाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, अगदी थोडं लावा. आधी झाकलेल्या जागी लावून रंग बदलत नाही ना, ते बघा.

आणि खुर्ची सरकवताना बटणं असलेल्या पाठीला धरून ओढू नका. खालून, लाकडाला धरून उचला.

या रविवारी दहा मिनिटं काढा आणि घरातल्या सोफ्याची, पलंगाच्या उशालगतच्या पाठीची, आजोबांच्या खुर्चीची बटणं एकेक करून हलकेच फिरवून पाहा. सैल असलेलं आताच सापडलं, तर मागून नुसती गाठ आवळून काम भागेल. आणि एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त झिजलेलं दिसलं, तर ते बदलण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा.